खळाळत्या पाण्यासाठी ओपन कनू: पहिल्या तीन स्ट्रोकांचा वेग बघा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: अटलांटात राहता, वजन ७८ किलो, आणि दोन उन्हाळे नानटाहेला नदीवर क्लबच्या जुन्या १३ फुटी रॉयलेक्स (थरांच्या प्लास्टिकच्या) कनूतून काढलेत. रॅपिड पार होतात, पण हवी ती एडी, म्हणजे दगडामागचं शांत पाणी, हुकते. होडी वळेपर्यंत दगड मागे पडलेला असतो. पुढच्या मोसमात ओकोई नदीवर उतरायचंय, म्हणून वेगवान आणि चटकन ऐकणारी एकट्याची ओपन कनू, म्हणजे वरून उघडी होडी, हवी आहे. नवी ९ फुटी पॉलिथिलीनची घ्यावी की जुनी ११-१२ फुटी, हा पेच आहे.

आधी उत्तर सांगतो, मग कारणं. तुमच्या वजनाला आणि या दोन नद्यांना ११ ते १२ फुटांची होडी घ्या. तळ ताठ हवा, कडा फार धारदार नकोत, आणि तीन स्ट्रोकांत ती जाग्यावरून सुटली पाहिजे. ९ फुटी होडी वाईट अजिबात नाही, पण तिचं गणित वेगळ्या नद्यांचं आहे.

होडी पुढे जाते तेव्हा स्वतःची लाट तयार करते. वेग वाढला की लाट लांबते. लाटेची लांबी होडीच्या पाण्यातल्या लांबीएवढी झाली की होडी पुढच्या आणि मागच्या उंचवट्याच्या मधल्या खळग्यात बसते. त्यापुढे कितीही जोर लावा, पुढचं टोक वर उचलतं, मागचं खाली बसतं आणि ताकद फुकट जाते. याचा ढोबळ हिशोब सोपा आहे: पाण्यातली लांबी फुटांत घ्या, तिचं वर्गमूळ काढा आणि १.३४ ने गुणा, म्हणजे वेग नॉटमध्ये मिळतो. ९ फुटांना ४ नॉट, म्हणजे ताशी साडेसात किलोमीटरच्या आत. ११ फुटांना ताशी सव्वाआठ, १३ फुटांना ताशी ९ च्या जवळपास. यात मेख अशी की ही पाण्यातली लांबी आहे, टोकापासून टोकापर्यंतची नाही. रॅपिडसाठीच्या कनूची दोन्ही टोकं वर उचललेली असतात, त्याला रॉकर म्हणतात. भरपूर रॉकर असलेली ११ फुटी होडी पाण्यात जेमतेम ९ फूटच टेकलेली असते. त्यामुळे कॅटलॉगमधली लांबी वाचून वेग ठरवायचा नाही. होडी सपाट जमिनीवर ठेवा, बाजूला उकिडवे बसा आणि दोन्ही टोकांखाली किती हवा दिसते ते बघा. रॉकर मधोमधपासून एकसारखा चढत गेलाय, की मधला भाग सरळ आणि शेवटचे दीड-दोन फूट एकदम उचललेत? पहिली होडी जागेवर गर्रकन फिरते. दुसरी वळतेही आणि सरळ रेषही धरते. तुम्हाला दुसरी हवी.

हा सगळा कमाल वेगाचा हिशोब झाला. नदीत तो दोनच ठिकाणी कामाला येतो: रुंद प्रवाह आडवा कापताना, म्हणजे फेरी घेताना, आणि प्रवाहाविरुद्ध वर चढताना. एडी पकडताना कमाल वेग गाठायला वेळच मिळत नाही. दगडामागचं शांत पाणी आणि खाली धावणारी धार यांच्यामधली ती एडीलाइन तुम्हाला नाळ, म्हणजे पुढचं टोक, साधारण ४५ अंशांत ठेवून, स्वतःच्या वेगाने भेदायची असते. रेषेच्या वर दोन स्ट्रोक, नाळ रेषेत घुसताना तिसरा, आणि त्याच वेळी होडी वळणाच्या आतल्या बाजूला कललेली. एवढ्यात झालं तर झालं. म्हणून मी वेगवान म्हणतो ती होडी म्हणजे थांबलेल्या अवस्थेतून तीन स्ट्रोकांत उठणारी. ते ठरतं एकूण वजनावर, पाण्याला घासणाऱ्या पृष्ठभागावर आणि तळ किती ताठ आहे यावर.

एकूण वजनात होडी, तुम्ही आणि आत आलेलं पाणी असं तिन्ही धरायचं. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. एका मोठ्या लाटेत ४० लिटर पाणी आत येणं ओकोईवर नवलाचं नाही, आणि ते पाणी स्वस्थ बसत नाही. तुम्ही होडी डावीकडे कलवली की सगळं डावीकडे धावतं, नेमकं नको त्या क्षणी. हलकी होडी घेऊन तिच्यात ४० किलो पाणी वागवण्यापेक्षा पाच किलोने जड पण कोरडी राहणारी होडी जास्त वेगवान. कोरडेपणा तीन गोष्टींतून येतो: पुढच्या टोकाला पुरेसा फुगार, वरच्या बाजूला बाहेर झुकलेल्या भिंती, आणि मधे पुरेशी खोली. ओकोईच्या मधल्या टप्प्यात डबल ट्रबल नावाचं रॅपिड आहे, तिथे एकामागून एक मोठ्या लाटा येतात. पहिल्या लाटेत पाणी घेणारी होडी पुढच्या लाटेला ओंडक्यासारखी पोहोचते. त्या जागी मला कमाल वेगाचं काहीच कौतुक उरत नाही.

आता चटकन ऐकण्याबद्दल. बहुतेक लोकांना वाटतं, चपळ म्हणजे जागेवर फिरणारी. पण जागेवर फिरणारी होडी प्रत्येक स्ट्रोकला थोडी वाकडी होते. मग तुम्ही प्रत्येक स्ट्रोकच्या शेवटी जे (वल्हं बाहेर वळवून मारलेला दुरुस्तीचा स्ट्रोक) मारून ती सरळ करता, आणि प्रत्येक जेमध्ये कमावलेला थोडा वेग परत देऊन टाकता. ओपन कनूचा खरा वेग येतो तो कापत जाण्यातून, ज्याला सगळे कार्व्हिंग म्हणतात. होडी वल्ह्याच्या बाजूला थोडी कलवायची आणि एका मोठ्या वर्तुळाच्या चापावर ठेवायची. स्ट्रोक होडीला बाहेर ढकलतो, कललेला तळ तिला आत ओढतो, दोन्ही एकमेकांना फेडतात. मग दुरुस्तीचा स्ट्रोक लागतच नाही, नुसते पुढचे स्ट्रोक. स्लॅलमवाले, म्हणजे टांगलेल्या फाटकांमधून होडी नेण्याची शर्यत खेळणारे, नदीभर असेच चाप जोडत जातात. ज्या होडीला हा चाप धरता येतो, ती माझ्या लेखी चपळ.

चाप धरायला कड लागते. तळ आणि भिंत जिथे मिळतात ती चाइन. ती गोलसर असली तर होडी सावकाश, न दचकता कलते आणि आडव्या प्रवाहाने खालून ढकललं तरी माफ करते. चाइन धारदार असली तर कललेली होडी रुळावर घातल्यासारखी जाते, पण चुकीच्या बाजूला कललात तर प्रवाह तीच कड धरून तुम्हाला पाण्यात घालतो. डॅगर कंपनीची ओकोई, तुमच्या नदीचंच नाव असलेली, ही धारदार कडांची आणि सपाट तळाची ११ फुटांच्या आसपासची होडी. शिकलेल्या माणसाच्या हातात ती जे करते ते बघण्यासारखं असतं. मॅड रिव्हरची १२ फुटी आउटरेज गोलसर कडांची, कोरडी, समजूतदार. मोहॉकची व्हायपर आणि एस्किफची झेफिर याही तुम्ही म्हणता त्याच जातीच्या, वेग आणि वळण दोन्ही सांभाळणाऱ्या होड्या. तुमच्या जागी मी असतो तर पहिल्या वर्षी आउटरेज किंवा झेफिर शोधली असती. ओकोई होडी स्वस्तात आणि चांगल्या स्थितीत मिळाली तर तीही घेतली असती, पण आधी दोन-तीन महिने ती नानटाहेलावरच वापरली असती. धारदार कडेची सवय तिथल्या दुसऱ्या-तिसऱ्या दर्जाच्या (आकडा वाढेल तसं पाणी अवघड) पाण्यात लावून घेणं सुरक्षित असतं. ओकोई नदीचा मधला टप्पा तिसऱ्या-चौथ्या दर्जाचा आहे, आणि तिथे पोहायला लागलं तर दगड उथळावर असतात.

९ फुटी होड्यांबद्दल. एस्किफची एल एज, ब्लॅकफ्लायची ऑप्शन आणि त्यांच्यासारख्या होड्यांनी ओपन कनूला अशा अरुंद, चढ्या नाल्यांमध्ये नेलं जिथे आधी फक्त कयाक जात होत्या. दोन उतारांमध्ये एका होडीएवढीच जागा असेल तिथे आखूडपणा हेच सामर्थ्य. त्यांचं पुढचं टोक भरदार असतं, उडी मारून खाली उतरल्यावर पटकन वर येतं. पण रुंद प्रवाहात फेरी घेताना त्या दोन स्ट्रोकांतच आपल्या लाटेला धडकतात. मग तुम्ही नदीच्या मनाप्रमाणे खाली जाता आणि तिथून जमेल ते करता. तुमची तक्रारच एडी हुकण्याची आहे. वळण उशिरा सुरू करायची सवय ९ फुटी होडीत झाकली जाईल, सुटणार नाही, कारण ती होडी उशिरा सुरू केलेलं वळणही घेऊन देते. कधी टेलिकोसारख्या चढ्या नदीकडे वळलात तर तेव्हा जरूर घ्या.

आता जुनी घेताना. रॉयलेक्स म्हणजे मधे फोम, त्याच्या दोन्ही बाजूंना एबीएस प्लास्टिक आणि बाहेर व्हिनाइलचं कातडं, असा थरांचा तक्ता. दशकानुदशकं रॅपिडच्या कनू याच्याच बनत. पॉलीवन कंपनीने ते बनवणारी स्पार्टेक विकत घेतली आणि २०१३ मध्ये रॉयलेक्स बंद करत असल्याचं जाहीर केलं. २०१४ पासून ते बनत नाही. क्यूबेकच्या एस्किफने पुढे टी-फॉर्मेक्स नावाचा त्याच धर्तीचा तक्ता तयार केला. पण आज मी वर ज्या जुन्या होड्यांची नावं घेतली त्यातल्या बहुतेक रॉयलेक्सच्याच मिळतील, म्हणजे किमान दहा वर्षं उन्हापाण्यात राहिलेल्या. म्हणून तपासणी नीट करा.

होडी उलटी ठेवून तळावर मधोमध तळहात ठेवा आणि अंगाचा भार टाका. चांगला तळ किंचित दबतो आणि हाताला सतत विरोध करतो. थकलेला तळ एकदम आत जातो आणि हात काढला की टक् करून परत येतो. पाण्यातही तो हेच करतो. प्रत्येक लाटेबरोबर तळ आतबाहेर होतो आणि तीन स्ट्रोकांचा तुमचा वेग त्यात जिरतो. अशी होडी फुकट मिळाली तरी वेगासाठी घेऊ नका. मग दोन्ही टोकं बघा. व्हिनाइल घासून खालचा वेगळ्या रंगाचा एबीएस थर दिसत असेल तर तो उन्हाने ठिसूळ होतो. थोडा भाग असेल तर दुरुस्त होतो. फोम दिसत असेल तर सोडून द्या. काही लोक टोकांवर केव्हलरच्या जाड संरक्षक पट्ट्या चिकटवतात. त्यांच्या कडा नीट घासून उतरत्या केलेल्या नसतील तर पुढच्या टोकावरचा तो उंचवटा पाणी कापण्याऐवजी ढकलतो. तळावर आडवी सुरकुती दिसली तर होडी कधीतरी दगडाला गुंडाळली गेली होती. आतून त्याच जागी बोट फिरवा. आतल्या थरालाही चीर असेल तर ती जागा पुन्हा तिथेच मोडणार. साधे खळगे मात्र उन्हात ठेवल्यावर बऱ्याच वेळा आपोआप भरून येतात, त्यांचं भय नको.

कार्बन-केव्हलरच्या हलक्या होड्या सर्वांत वेगवान, यात वाद नाही. तळ ताठ, वजन कित्येक किलोंनी कमी, पहिला स्ट्रोक मारताच फरक कळतो. स्लॅलमसाठी किंवा भरपूर पाण्याच्या नदीसाठी मी तीच सुचवेन. ओकोईच्या उथळ कातळांवर शिकताना तिला दर आठवड्याला ठिगळ लावायची तयारी हवी. पॉलिथिलीन मार खातं, पण जड असतं आणि त्याच्यावर गोंद नीट धरत नाही. आतली सगळी जोडणी बोल्टने करावी लागते. रॉयलेक्सवर व्हिनाइलच्या गोंदाने पट्टे अडकवायच्या डी-रिंगचे (कड्यांचे) पॅच पक्के बसतात.

आणि ही आतली जोडणी, तिच्याबद्दल लोक फार कमी विचारतात. तुम्ही गुडघ्यांवर बसता, बुडाखाली फोमचं सॅडल असतं, मांड्यांवर पट्टे, पायांच्या चवड्यांना टेकू. होडी तुमच्या कमरेचं ऐकते ते या पाच-सहा जागांतून. मांडी आणि पट्टा यांच्यात फट असेल तर तुम्ही कलता आणि होडी नंतर कलते. बऱ्याच जणांना आळशी वाटणारी होडी फक्त ढिली असते. सॅडलची उंची साधारण २० ते २५ सेंटीमीटर. उंच सॅडलवर जोर चांगला लागतो आणि गुडघे कमी दुखतात, बुटक्यावर तोल सोपा जातो. घोटे सॅडलखाली किंवा बाजूला अडकता कामा नयेत, हे कुठल्याही वेगापेक्षा महत्त्वाचं. पट्टे एका झटक्यात सुटले पाहिजेत. ते स्वच्छ पाण्यात, कुणाला तरी शेजारी उभं करून, होडी उलटी करून तपासा.

रुंदीही इथेच बघून घ्या. सॅडलवर बसून वल्हं पाण्यात घाला आणि दांडा उभा करा. वरचा हात काठाच्या बाहेर, पाण्यावर येतोय का? येत नसेल तर होडी तुमच्या खांद्यांना रुंद आहे. दांडा तिरका राहील, स्ट्रोक होडीला वळवत राहील आणि तुम्ही ती सरळ करण्यात दिवस घालवाल. मग तीच परीक्षा क्रॉस स्ट्रोकची घ्या, वल्हं न बदलता दुसऱ्या बाजूला.

सॅडल कुठे, हे पाण्यात ठरवा, घरात नाही. संथ पाण्यात होडीत पेलाभर पाणी ओता, बसा आणि पाणी कुठे थांबतं ते बघा. ते तुमच्या गुडघ्यांखाली किंवा किंचित मागे थांबलं की तोल बरोबर. पुढच्या टोकाकडे पळालं तर नाळ जड आहे, अशी होडी प्रत्येक एडीलाइनवर अडखळते. फार मागे गेलं तर होडी फिरेल छान, पण धरणार काहीच नाही. सॅडल दोन-तीन सेंटीमीटर सरकवलं तरी होडीचा स्वभाव बदलतो. क्लबच्या होडीत हेच करून बघा, नवी घेण्याआधी. सॅडल आधीच्या कुणाच्या मापाने बसवलेलं असेल तर निम्मी तक्रार तिथेच निघेल.

हवेच्या पिशव्या: तुमच्या बसण्याची जागा सोडून बाकी सगळी होडी त्यांनी भरा आणि वरची दोरीची जाळी ताणून बांधा. नानटाहेलाचं पाणी धरणामागच्या तलावाच्या तळातून येतं, भर उन्हाळ्यातही ८ ते १० अंश सेल्सिअसच्या आसपास. पार्किंगमध्ये उन्हात कडक फुगवलेली पिशवी या पाण्यात पाच मिनिटांत ढिली पडते, आणि तिने सोडलेली जागा नदी भरते. उतरल्यावर पहिल्या शांत एडीत थांबून पुन्हा तोंडाने फुगवा, पॅटन्स रन या रॅपिडच्या आधीच. ओकोईसाठी बॅटरीचा पंप लावायचा असेल तर लावा, पण त्याचा आणि बॅटरीचा भार सॅडलच्या लगत ठेवा, टोकाला नको.

ओकोईही धरणाच्या पाण्यावरची नदी आहे. १९७६ मध्ये जलविद्युत केंद्राकडे पाणी नेणारा लाकडी पाट नादुरुस्त झाल्याने बंद पडला, पाणी पुन्हा नदीत आलं आणि ती वल्हेकऱ्यांना गवसली. १९९६ च्या ऑलिंपिकचं स्लॅलम तिच्याच वरच्या टप्प्यावर झालं. तुम्ही लिहिलंय की कोलाडला कुंडलिकेवर राफ्टिंग केलं होतं. तिथे भिऱ्याच्या वीजकेंद्रातून पाणी सुटलं की नदी जागी होते, तसंच हे, वेळापत्रक बघून निघायचं. याचा होडी निवडण्याशी थेट संबंध आहे. पाणी ठरलेलं असल्यामुळे तीच एडी, त्याच पातळीला, पुन्हा पुन्हा मिळते. दोन होड्यांची तुलना करायला याहून चांगली जागा नाही. नानटाहेलावर एक सोपी एडी निवडा. एकाच उंचीवरून, एकाच कोनात, आधी क्लबच्या होडीने आणि मग विकत घ्यायच्या होडीने आत शिरा. दगडाच्या किती जवळ थांबलात ते बघा. नवी होडी दर वेळी दगडाच्या जवळ, एडीच्या वरच्या भागात थांबत असेल तर ती तुमची. नुसती जास्त गर्रकन वळत असेल पण एडीच्या शेपटाला थांबत असेल तर तिला पहिल्या तीन स्ट्रोकांचा वेग नाही, मग नाव कितीही मोठं असो.

पाणी सोडण्याचा मोसम संपत आला की होड्या विकायला निघतात, तेव्हा शोधा. क्लबच्या लोकांकडून घेतलेली होडी बहुधा पाण्यात घालून बघायला मिळते, अनोळखी माणसाकडची अंगणातच बघावी लागते. पैसे देण्याआधी ती एकट्याने गाडीच्या टपावर चढवून बघा; नाही चढली तर वर्षात चारदाच नदीवर जाल. सॅडल आणि पॅच चिकटवायचे ते थंडी पडायच्या आत. गोंद गार हवेत धरत नाही. आणि काठाच्या पट्ट्या लाकडी असल्या तर कडाक्याच्या थंडीत होडी बाहेर ठेवण्याआधी त्यांचे स्क्रू ढिले करा, निदान दोन्ही टोकांकडचे. रॉयलेक्स थंडीत लाकडापेक्षा जास्त आकसतं आणि स्क्रूच्या भोकापासून चिरत जातं.